सपाट बाजू खाली

सपाट बाजू खाली, इनासबाब सांगायचा,
बाकी मग त्याचं ते बघतं.

चिकमगळूरच्या मळ्यात एकतीस वर्षं मिस्त्रीपण करून
तो मातोंडला परतला, तेव्हा सामानात
एक वळकटी, दोन कोयते
आणि राखेत घोळलेलं बी, तीन पुड्यांत:
अरेबिका. रोबस्टा.
तिसरीवर नुसतं ‘मोठं पान’.

माझ्याकडे पाणी घालायचं काम.
दीड महिना माती गप्प.
मग एका सकाळी वाफाभर शिपाई,
हिरव्या काडीवर दाण्याची टोपी,
ती उतरवायची कुणालाच घाई नाही.

पोफळीच्या सावलीत रोपं गेली.
अरेबिका आमच्यात कधी रुळली नाही.
तिला उंची हवी, पहाटेचं गार हवं;
इथल्या दमट हवेत पानांमागे तांबेरा धरायचा,
इनासबाब ती नारिंगी पूड अंगठ्यानं पुसायचा,
पोराचं नाक पुसावं तशी.

रोबस्टा मात्र इथलीच असल्यासारखी,
दांडगी, चवीला कडू,
आणि स्वतःच्याच फुलोऱ्यावर धरत नाही;
शेजारी दुसरं झाड लागतं.
“तिका गाव व्हयो,” तो म्हणायचा.

मोठं पान तर वाढतच गेलं.
शिडीशिवाय हात पुरेना.
त्याला लिबेरिका म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

होळी सरली तरी कळ्या मिटून बसलेल्या.
शिंतोडा यावा लागतो एक. त्या साली आला नाही.
विहिरीवरचा पंप दोन रात्री चालवला.
नवव्या दिवशी दार उघडलं
तर फांदीन् फांदी पांढरी,
आणि पाणंदीतून जाणारी शेवंती मेस्त्रीण
डोकीवरच्या भाऱ्यासकट थांबलेली:
“कोणाचा लगीन रे?”

तीन दिवस. मग सगळं तपकिरी.

माघापर्यंत फळं लाल झाली
ती आमच्याआधी कांडेचोरानं ओळखली.
गडग्याच्या चिऱ्यावर सकाळी
नुसते दाणे, गर खाऊन सोडलेले.
इनासबाबनं शिवी दिली, मग हसला,
मग करवंटीत घेऊन ते सात पाण्यांनी धुतले.

त्यात एक वाटाण्यासारखा गोल.
एका फळात दोन असतात, तो म्हणाला,
एकमेकांना टेकून वाढतात, म्हणून सपाट.
हा एकटाच होता आत.

मग हा पेरायचा कसा, मी विचारलं.

त्यानं तो तळहातावर
एकदा असा फिरवला, एकदा तसा,
आणि सदऱ्याच्या खिशात टाकून
चहा ठेवायला आत गेला.