नखभर हिरवं

जानेवारीच्या सोळा तारखेला सैकमध्ये पारा
शून्याखाली दोन.
हॉटेलातल्या पाहुण्यांनी मोटारींच्या काचांवर
बोटानं नावं लिहिली, फोटो काढले.
मी प्लांटरूममध्ये, पाना हातात,
थंडीचाच पगार घेणारा माणूस.

खाली, डोंगराच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात
खल्फानचं गुलाबाचं झुडूप
उकळत्या पाण्यातून काढल्यासारखं काळं.
पानं चुरगळली तर आवाज नाही,
ओल्या कागदासारखी बोटांना चिकटली.

हे काळं माझ्या ओळखीचं.
निफाडला दवबिंदू गोठले की
अण्णा रात्री दोनला उठवायचे.
द्राक्षाच्या ओळींमधून पाचट, भुसा, जुने टायर,
धूर असा धरायचा की वेलीला घोंगडी वाटावी.
सकाळी डोळे चुरचुरत शाळेत.
गुरुजी विचारायचे, रडलास का रे?

म्हणून कात्री घेऊनच गेलो.
मेलेलं काढून टाकू, झाड मोकळं होईल.
खल्फाननं मनगट धरलं.
"सब्र," म्हणाला.
मला सबुरी ऐकू आली,
शिर्डीकडे पळणाऱ्या ॲपेरिक्षाच्या पाठीवरची;
श्रद्धा कुणीतरी ठोकून चेपवलेली,
सबुरी तेवढी शाबूत.

तोडक्या हिंदीत तो बोलला ते असं:
आत्ता कापलंस तर हे फुटायला धावेल,
आणि थंडी अजून गेलेली नाही,
वादीच्या वळणावर बसून चहा पितेय.

खरं तर हे मला कळायला हवं होतं.
कॉइलवर बर्फ धरला की नवखी पोरं
स्क्रू ड्रायव्हर खुपसतात.
पत्रा फाटतो, गॅस जातो.
दहा वर्षं ओरडतोय त्यांच्यावर:
मशीन बंद करा, दार उघडं ठेवा,
खाली बादली लावा
आणि गप्प बसा.

गप्प बसलो.
पाणी दुपारचं, फलजची पाळी आली की, तेही थोडं.
रात्री हॉटेलातल्या बाद चादरी पांघरायच्या,
उन्हं आली की काढायच्या.
एकीवर हॉटेलचं नाव विणलेलं.
मॅनेजरनं पाहिलं. घसा खाकरला. गेला.

फेब्रुवारी सरता सरता
खल्फाननं अंगठ्याच्या नखानं साल खरवडली.
शेंड्याशी तपकिरी.
वीतभर खाली तपकिरी.
त्याच्याही खाली.
मग गुडघे टेकून, मातीपासून चार बोटांवर
कोवळ्या मटारासारखं, ओलं,
नखभर हिरवं.

"इथं," म्हणाला, आणि कात्री माझ्याकडे दिली.
तिरका काप,
बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या जरा वर.
हे मात्र अण्णांचं.

यंदा फूल नाही, खल्फान म्हणतो.
शेजारच्या पायरीवर पहाटे पाकळ्या खुडतात,
गुलाबपाण्याच्या भट्टीचा धूर इकडे येतो,
डोळे चुरचुरतात.
आमच्याकडे तीन लालसर कोंब,
त्यांना टाचणीएवढे काटे, आत्तापासूनच.

अण्णांना फोटो पाठवला.
बऱ्याच वेळानं उत्तर आलं:
पाणी जास्त घालतोयस.