उधारीचा काळा

रेमिहिओ बार्रियाच्या नावावर माझ्या वहीत
सहा डबे पांढरा, दोन पिवळा,
एक तो होडीच्या पोटाला लावतात तसला तांबडा,
आणि काळा.
काळ्याचं मोजणं मी सोडून दिलंय.

चिलोएच्या या टोकाला रंग म्हणजे होडीचा रंग,
जाडाभरडा, खारं पाणी झेलणारा,
तीन-तीन दिवस न वाळणारा.
रेमिहिओ होड्यांवर नावं लिहितो.
कुणाची बायको, कुणाचा संत.
एकाने तर सावकाराचं नाव लिहून घेतलं,
म्हणाला, रोज पहाटे त्याला पाण्यात ढकलता तरी येतं.

हिवाळ्यात होड्या काठावर पालथ्या पडतात
आणि हा दारोदार हिंडतो.
पीठ नको, मीठ नको.
तुमचा तो कान तुटलेला मग द्याल, रविवारपर्यंत?
खिळ्यावरचा तो कोट... नको, नुसता खिळाच द्या.
माझ्या तराजूचं एक पारडं घेऊन गेला.
आठवडाभर मी खिळे अंदाजाने विकले.
गिऱ्हाईक खूश, मी खड्ड्यात.

समोर पाण्यापलीकडे ज्वालामुखी आहे,
आभाळ उघडलं की लख्ख दिसतो.
तो का नाही काढत, मी विचारलं एकदा.
तो कुठे पळून जातोय, म्हणाला. बटाटे संपतात.

इथले जांभळे बटाटे.
जांभळा माझ्या दुकानात नाही, कधीच नव्हता.
त्याने एका फळीवर तांबडा आणि निळा भांडायला लावले
आणि कोण जिंकलं ते कळायच्या आत
ब्रश उचलून घेतला.

मग क्लोतिल्देची किटली.
चाळीस वर्षं चुलीवर. काजळीचे थर इतके
की आत किटली आहे हे विश्वासाने मानायचं.
तसला काळा तुझ्या डब्यात नाही, मला म्हणाला.
डब्याचं झाकणही उघडलं नव्हतं अजून. राग आला मला.

क्लोतिल्दे नाही म्हणाली. दोनदा.
तिसऱ्यांदा म्हणाली, शनिवारी ये.
आणि शुक्रवारी रात्रभर
राख घेऊन ती किटली घासत बसली.
चित्रात बसायचं म्हणजे!
फोटो काढायला जाताना माझी आई
आमचे कान असेच घासायची.

शनिवारी त्याच्या हातात पडली
नव्या नवरीसारखी लखलखीत किटली.
चाळीस वर्षांचा काळा अंगणातल्या बादलीत.
तो म्हणाला, छान.
दारात ताटकळलेल्या म्हातारीला
दुसरं काय म्हणणार माणूस?

त्यानंतर तीन आठवडे त्याने माझ्याकडून
काळा नेला नाही. फक्त पांढरा, पांढरा.
शेवटी मीच गेले, पावसातून, दुकान बंद करून.

फळीवर किटली.
किटलीच्या पोटात खिडकी, वाकलेली.
चूल, वाकलेली.
रेमिहिओ स्वतः, डोकं एवढंसं, हात सुपाएवढा.
आणि कडेला, दुमडल्यासारखी, क्लोतिल्दे,
कारण ती रोज दोनदा यायची,
किटली माझी आहे म्हणत
त्याच्याच भांड्यातला चहा प्यायला.
खिडकीत ज्वालामुखीही होता. तिळाएवढा.

क्लोतिल्देने बराच वेळ पाहिलं.
तोटीजवळचा पोचा दाखवायची काय गरज होती, म्हणाली,
आणि तिथेच बोट ठेवलं.
रंग ओला होता. सांगितलं ना, वाळत नाही.
ठसा उठला. त्याने पुसला नाही.

रात्री मी वही काढली,
काळ्याची ओळ खोडून टाकावी म्हणून.
दिवा जवळ ओढला. पाहते तर
एक आकडा करडा, एक निळसर,
एकावर मिठाचा हात लागून शाई फुटलेली,
आणि रागात लिहिलेला तो एक, कागद फाडून गेलेला.
खोडली नाही. उधारीही सोडली नाही,
धंदा आहे माझा.

आता त्याला वही हवी आहे.
रविवारपर्यंत, म्हणतो.
मी नाही म्हणाले.
आत्तापर्यंत दोनदा.