अकरा नंबरचा कोट

जेवणघराच्या दाराशी, पडद्यामागे, एक कपाट आहे.
आत बारा कोट. काळे. उसने द्यायचे.
किल्ली माझ्याकडे, म्हणजे मादेरा बेटावरच्या एवरिश्टुकडे.
जहाजावर मला सगळे नुसतं ‘दारावरचा’ म्हणतात.

पत्रक दुपारीच खोल्याखोल्यांत सरकवलेलं:
आज औपचारिक संध्याकाळ. पुरुषांना कोट.
जीन्स नको, चपला नकोत, टोपी तर नकोच.
काचेबाहेर नॉर्वेचा समुद्र
मळक्या बनियनवर येरझारा घालत होता.
त्याला कोण सांगणार.

विल्फ स्टॅमर्स आला लोकरी स्वेटरवर.
ग्रिम्सबीचा. म्हाताऱ्यांच्या क्लबात सोडत लागली
म्हणून जहाजावर.
मी म्हणालो, सर, कोट.
तो म्हणाला, पोरा,
याच पाण्यात चोवीस हिवाळे जाळी ओढली,
कुणी कोट मागितला नाही.

मागे रांग. अत्तरं. एका बाईंचा घसा
उगाचच दोनदा खाकरला.
अंगात कोट नाही तर पंगतीत पान नाही.
नियम मी केलेला नाही,
पण तोंड माझंच वापरतात.

अकरा नंबर काढला. बाह्या चार बोटं आखूड.
मनगटावर दोराचे जुने वळ,
ते झाकायला तसाही कुठला कोट पुरला असता?
बसला. कॉड आला, लिंबासकट.
काट्याने उलटवून पाहिला, ओळखीचा निघतो का ते.
‘बर्फातला,’ म्हणाला, आणि सगळा खाल्ला.
पाव मात्र खिशात घातला.
मी पाहिलं. तोही बघत होता मी पाहताना.

शेवटच्या रात्री पुन्हा पत्रक:
बॅगा अकराच्या आत दाराबाहेर ठेवा.
चिठ्ठी जांभळी, गट चार.
(दर फेरीला एकजण तरी असा निघतोच.)
विल्फने सगळं भरलं.
सगळं म्हणजे सगळं. विजारीसुद्धा.

सकाळी सात. साउथॅम्प्टन. धुकं, क्रेन, डिझेलचा वास.
परवा हिऱ्यांत वावरलेली माणसं आता
पावसाळी जाकिटांत, केस न विंचरलेली,
आपापल्या रंगाची वाट बघत जिन्यांवर बसलेली.
खाकरणाऱ्या बाई पायात हॉटेलच्या सपाता घालून
केळं खात होत्या.
आणि त्यांच्यात विल्फ:
खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा,
वर माझा अकरा नंबर, परत करायचा राहिलेला.
कुणी मान वळवली नाही.
सातनंतर नियम नसतो.

‘जांभळा चार,’ भोंगा ओरडला.
विल्फ कोट काढायला लागला, माझ्यासमोर,
आत नुसता गंजिफ्रॉक.
मी म्हणालो, राहू द्या, गार आहे खाली.
यंत्राने कार्ड चाटलं. टिंग.
पडद्यावर त्याचा पहिल्या दिवसाचा चेहरा,
रागावलेला, दाढी केलेला.
मग तो उतारावरून गेला,
पाय अजून लाटेच्या हिशेबाने टाकत.
मी कठड्याशी जितकं वाकता येतं तितकं वाकलो.
नऊ आठवडे झाले, माझं कार्ड
त्या यंत्रात गेलेलं नाही.

शेडमध्ये हजार बॅगा, रंगांच्या ढिगांत.
त्याला त्याची सापडली का, कळलं नाही.

वहीत बारा रकाने असतात.
अकराव्यासमोर ‘हरवला’ लिहायचं,
म्हणजे पगारातून पस्तीस पौंड.
मी लिहिलं: उतरला.
हिशेबनिसाने दोनदा वाचलं,
आणि पस्तीस पौंड कापले.

दुपारी नवी माणसं चढली.
गुडघे उघडे, उन्हाचे चष्मे, एक तर अनवाणी.
मला विचारतात, संध्याकाळी लागतोच का हो कोट?
मी हसतो, खांद्यांचं माप डोळ्यांनीच घेतो.
हा आठ. हा तीन.
तो दारातला लांब हातांचा पोरगा,
त्याला अकरा बसला असता.