चौथ्या ओळीतलं सदतिसावं रोप

बरकात बाहेर पंचेचाळीस, आत अठ्ठावीस.
ओल्या पॅडमधून पंखे हवा ओढतात.
आमच्या खोल्यांपेक्षा इथे गारवा जास्त,
पण कुणी कुरकुरत नाही;
टोमॅटो विकले जातात.

चौथ्या ओळीतल्या सदतिसाव्या रोपाच्या
तिसऱ्या पानावर आज तपकिरी ठिपके.
ठिपका म्हणजे रोग नव्हे, मी मुश्ताकला सांगतो,
रोगाला वेढून पानानं स्वतःच मारलेल्या पेशी त्या.
वणवा यायच्या आधी जाळरेषा काढतात ना, तसं.
मुश्ताक परकार, हर्णैचा, एकोणीस वर्षं इथे.
मान हलवतो, कात्री स्पिरिटात बुडवतो.

मग पान निरोप धाडतं
शिरेतून देठात, देठातून खोडात,
पार वरच्या कोऱ्या कोंभापर्यंत.
सॅलिसिलिक आम्ल वाढतं,
डोकेदुखीच्या गोळीचं हे गावाकडचं भावंड,
आणि जी पानं अजून उलगडलीही नाहीत
ती न आलेल्या आजाराची उजळणी करू लागतात.

फुकट काही नसतं.
हा नळ सोडला की त्या नळाची धार बारीक होते:
जॅस्मोनिक आम्ल मागे सरतं, ते अळीसाठीचं,
आणि अळी बरोब्बर तीच पानं हुडकते.
तिला कसं कळतं, हे राहुरीत मला कुणी शिकवलं नाही.
रोपाची वाढही खुंटते.
राखणीला उभ्या असलेल्याला उंच होता येत नाही.

थोडं आम्ल रूप पालटून हवेत सुटतं,
शेजारच्या रोपांना सांगायला: सांभाळा.
इतकं विरळ, की माणसाच्या नाकाला लागत नाही.
मला मात्र तो वास पाठ आहे.
कॅम्पात, बारा नंबरच्या खोलीत,
खालच्या खाटेवरून रात्री येतो तो हाच रेणू,
हिरव्या बाटलीतला, गंधपुऱ्याचा.
मुश्ताक चोळतो पाठीला, गुडघ्यांना,
आणि रमजानपासून छातीलाही.

छातीला का?
"पंख्याची हवा बाधली."
खोकला आला की तो उशी दातांत धरतो.
पुढच्या महिन्यात रेसिडेन्सचं मेडिकल,
एक्स-रे,
आणि फुप्फुसावरचा ठिपका
तिथे कुणी जाळरेषा म्हणून वाचत नाही.

दुखणं अंगावर काढायचं, असं आपण म्हणतो,
जसे दिवस काढायचे.
रोपाला ते जमत नाही.
ते अख्ख्या ओळीला सांगून टाकतं.
त्याला व्हिसा लागत नाही.

"उपटू याला?" मुश्ताक विचारतो.
नियम उपटायचाच आहे, खलफानसाहेबांनी
दारावर तीन भाषांत चिकटवलेला.
मी म्हणतो, राहू दे.
जरा लांब ठेव, पण राहू दे. झुंजतंय ते.

तो पानाकडे बराच वेळ बघत राहतो,
अंगठ्यानं ठिपक्याची कड चाचपतो,
आणि खोकतो,
कोपर तोंडाशी न नेता,
चांगला ओळीच्या टोकाला ऐकू जाईल असा.

मी जागचा हलत नाही.
"रमजानपासून ना?"
पंखे चालू असतात. खालच्या नळीतून
थेंब थेंब पाणी मुळांशी पडत असतं.
"शाबानपासून," तो म्हणतो,
"त्याच्याही आधीपासून."