मोयनाक, दुपारी तीन वाजून दहा

रोज याच वेळी कॉम्प्युटर मान टाकतो.
आधी रॅम बदलली. मग विजेवर आळ घेतला,
मग विंडोज नव्यानं घातलं,
आणि पराखतनं तर, कुणी बघत नाहीसं पाहून,
एक चापटही दिली.

बीबीनाज नुकुसहून बसनं आली,
पिशवीत दोन स्क्रूड्रायव्हर आणि एक ब्रश.
म्हणाली, आधी स्वस्तातलं बघू.
आकडा चढत गेला : एक्क्याऐंशी, नव्वद, सत्त्याण्णव,
काळोख.
"हा बिघडलेला नाही. जळायच्या आधी
आपणच डोळे मिटतोय."

झाकण काढलं.
पंख्यामागच्या पात्यांत नमद्यासारखा थर,
पांढुरका, नखानं सोलून निघणारा.
तिनं चिमूटभर जिभेला लावला
आणि काही बोलली नाही.
मीही लावला.
खारट.

समुद्र इथून निघून गेला तेव्हा मी शाळेत होतो.
मासळीखात्याचं हे ऑफिस मात्र
बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.
नोंदी ठेवतो. शून्य किलो. शून्य किलो.

वाळून भेगाळलेली पेस्ट तिनं खरवडली,
वाटाण्याएवढी नवी ठेवली.

चार वाजले. एकसष्ट अंश.
पंखा आता इतका हळू फिरतोय
की खिडकीच्या फटीतला वारा
आज पहिल्यांदा ऐकू आला.