बेबी ऑफ वृषाली

फाईलवर अजून तेच नाव आहे,
बेबी ऑफ वृषाली पासलकर.
बारसं पुढे ढकललंय. सांगायला कारण आहे,
आत्याला सुट्टी मिळू दे.
खरं म्हणजे नावं शोधायला बसले की
डोकं गिरणीच्या पट्ट्यासारखं नुसतंच फिरतं,
खाली पीठ पडत नाही.

लसीकरणाच्या कार्डावर
मी पेन्सिलीने नंबर लिहून ठेवलेत.
पोलिओच्या तारखेखाली एक,
गोवरच्या रकान्यात तीन.
गोवर नवव्या महिन्यात, तोवर जागा रिकामीच.
कुणी पाहिलं तर बाळाचंच काहीतरी असेल.

पहिल्या नंबरावरची मुलगी म्हणाली,
दवाखाना दुपारी एक ते चार बंद.
मी म्हटलं, माझा रात्री एक ते चार उघडा असतो.
ती हसली नाही.
मीही विनोद केला नव्हता.
पुढची वेळ बावीस दिवसांनी.

दुसरे गृहस्थ फार गोड बोलले.
थोडे दिवस माहेरी जाऊन या, म्हणाले.
माहेरच्या खोल्यांत भावाने भाडेकरू ठेवलेत
हे त्यांना कुठून सांगू.

तिसरा आकडा चुकला, मंडपवाल्याला लागला.
बारसं का ताई? किती माणसं धरू?
इतक्या आपुलकीने कुणी विचारलं नव्हतं.
मी बराच वेळ फोन ठेवला नाही.

आजार म्हणावा असं दिसत काहीच नाही.
टाके सुकले. दूध येतं.
अळिवाची खीर जाते पोटात.
फक्त ती रडायला लागली की वाटतं
शेजारच्या घरातला कुकर वाजतोय,
करेल कुणीतरी बंद.
आणि गॅलरीच्या दाराला, चौथ्या मजल्यावरच्या,
मी कडी लावते, कडीला लंगोट गुंडाळून गाठ मारते.
सासूबाईंना वाटतं, वाऱ्यासाठी.

चौथा फोन तांबोळी मॅडमनी स्वतःच उचलला.
पेशंटचं नाव?
बेबी ऑफ
बाळाचं नको, तुमचं.
जरा थांबावं लागलं मला.
शुक्रवारी अकरा वीसला या, म्हणाल्या.
हो म्हटलं, आणि त्यांनी न विचारताच
दाराचं सांगून टाकलं. गाठीचंही.
पलीकडे पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज.
शुक्रवार नको मग. उद्या सकाळी.
आज रात्री एकटीने झोपू नका,
आणि येताना कुणाला तरी बरोबर घेऊन या.

कुणाला तरी म्हणजे सासूबाई.
डॉक्टरकडे जायचंय एवढंच बोलले,
कसला डॉक्टर ते त्यांनी विचारलं नाही.
रात्री माझ्या खोलीत सतरंजी टाकली,
सकाळी पिशवीत दुपटी भरली, धनकवडीतून रिक्षा केली.
पद्मावतीच्या सिग्नलला बाळाचे कान पदराने झाकले
आणि समोरच्या पीएमटीकडे बघत म्हणाल्या,
थोरल्याच्या वेळी मी विहिरीवर जायचं सोडलं होतं.
दीड महिना.
गावात म्हणायचे, पासलकरांची सून आळशी निघाली.

मागून हॉर्न वाजले. सिग्नल सुटला होता.
जरा हळू घ्या हो, त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या,
हिचे टाके ओले आहेत.
टाके सुकून महिना झाला होता.

टिळक रोडला खाली चष्म्याचं दुकान,
वर तीन जिने, लिफ्ट आहे पण बंद.
दोघी प्रत्येक वळणावर थांबलो,
दम लागला म्हणून, असं दोघीही म्हणालो.

फॉर्मवर पहिला रकाना नावाचा.
मी 'बे' लिहिलं. खोडलं.
पेन तिथेच अडलं, शाई उमटेना.
सासूबाईंनी पिशवीत हात घातला,
दुपटी, बाटली, वेखंडाची पुडी,
सगळ्यात तळाशी बँकेच्या नावाचं एक पेन.

बाळ त्यांच्या मांडीवर जागं होतं.
आमच्याकडे बघत नव्हतं,
पंख्याकडे बघत होतं.