चौतीस दाती

पहाटे पाचला शिवाजी पुलावर
पंचगंगेचं धुकं कठड्याला कोपर टेकून उभं असतं.
मुनीर बागवान माझ्याआधी आलेला,
हँडलला केळ्यांची फणी अडकवून.
तीस वर्षं लक्ष्मीपुरीत केळी विकणारा माणूस
दुसरं काय आणणार?
"भावा, दहा मिनिटं लेट," म्हणतो
आणि टांग टाकतो.

वडणग्याच्या फाट्यापर्यंत गप्पा.
त्याच्या लेकीचं नर्सिंग, माझ्या लेथची मोटर,
उद्यमनगरात कुणी शेड विकली, कुणाला शुगर निघाली.
पुढं गुऱ्हाळ पेटलेलं. काकवीचा वास असा,
की शुगरवाल्यांनी श्वास रोखूनच जावं.
आम्ही दोघंही भरून घेतो.

केर्ली सोडली की बोलणं संपतं.

ही सायकल धाकट्याची.
तो पुण्याला गेला, मग दोन वर्षं
हिच्या हँडलवर टॉवेल वाळले.
एका रविवारी टॉवेल काढला,
साखळीला तेल दिलं, सहज,
आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो.
टोक तेव्हापासून सरकतंच आहे.

जन्मभर मी गिअरचे दाते कापले.
केसाइतका फरक नखाला कळतो माझ्या.
पण दाता म्हणजे काय
ते एक्कावन्नाव्या वर्षी मांडीला कळलं,
गायमुखाच्या अलीकडच्या चढाला.
मागचं सगळ्यांत मोठं चक्र चौतीस दाती.
माझे स्वतःचे उरलेत सव्वीस.
हिचे चौतीस माझ्यासाठी डोंगर चावतात,
बारीक, सावकाश,
आणि मी नुसता पाय फिरवतो,
घाम भुवईवरून चष्म्यात, चष्म्यातून नाकावर,
गुडघ्यात एक जुनं बेअरिंग कुरकुरतंय,
त्याचा स्पेअर कुठल्याच दुकानात नाही.

तेवढ्यात मागून एक पोरगं.
साधी काळी सायकल, पायात स्लीपर,
कॅरिअरला दवण्याचे भारे बांधलेले.
उभ्यानं पायडल मारत गेलं,
जाताना शीळ घालत होतं.
वळणावर फक्त वास राहिला.
मुनीर म्हणाला, "बघितलंस?"
मी म्हणालो, "नाही."

पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं,
"घरात मोटरसायकल न्हाई व्हय?"
"हाय की."
"मग?"
ह्या "मग"चं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.
केळं दिलं त्याला. त्यानं सोललं
आणि साल बकरीला घातली.

खेटे संपून आठवडा झालेला,
तरी डोंगरवाडीचा रस्ता गुलालानं भिजलेला.
आम्ही शिखरांना लांबूनच हात जोडतो,
मुनीरही जोडतो, त्याची सवय आहे.
तो डांबरी रस्त्यानं उतरतो, शहाणा.
मी गिरोलीकडच्या पायवाटेला लागतो.

मग काय सांगू.
दगड खालून ठोसे मारतात तळव्यांना,
करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी धावत सुटतात,
मी मागं सरकून, सीटच्या पलीकडं, हवेत बसलेला,
कर्जाचा हप्ता, लेथची मोटर, धाकट्याचा न आलेला फोन
सगळं वरच्या वळणावर उभं राहून
माझ्याकडं बघत राहिलं असेल.
एका जागी ब्रेक दाबायचा होता.
नाही दाबला.
तोंडातून काहीतरी निघालं. शब्द नव्हता.
तालमीच्या आखाड्यात पहिल्यांदा कुणाला चितपट केल्यावर
सोळाव्या वर्षी असंच निघालं होतं.

पुढं घाणेरीच्या झुडपात गेलो, सायकलसकट.
कोपर सोललं.
आडवा पडून आभाळ बघत हसत होतो, तर
खालून मुनीरची हाक,
"जिवंत हायस का रं?"
मला घाई नव्हती उत्तर द्यायची.

गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं निरसं दूध,
फेसासकट, मोठा ग्लास.
घरी वैजयंती कोपराला हळद लावत म्हणाली,
"आता पुरे करा हे."
मी म्हणालो, "पुढच्या रविवारी मसाईचं पठार."
तिनं हळद जरा जोरात दाबली.
मग विचारलं, "तिथं काय असतं?"
"काही नाही. नुसतं सपाट. वारा."
"किती लांब?"

सोमवारी कारखान्याचं शटर वर केलं.
फरशीवर दारापासून लेथपर्यंत
टायरच्या नक्षीचे गुलाबी ठिपके.
झाडायला आलेल्या पोराला म्हटलं,
तेवढं राहू दे आज.